झाडाच्या दारीं गिरणी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर जाणारा प्रवासी बहुधा दोन गोष्टींसाठीं जातो : फ्रान्झ जोसेफ व फॉक्स या हिमनद्या पाहण्यासाठीं, आणि होकिटिका गांवीं मिळणारे हिरव्या पाषाणाचे दागिने घेण्यासाठीं. आम्हींहि त्या दोन्ही गोष्टी केल्या. परंतु हिमनद्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील, आणि दागिन्यांची किंमत सांगून कोणाच्या घरीं वाद उत्पन्न करण्याची आमची इच्छा नाहीं. आमच्या मनांत जें घर करून राहिलें तें निराळेंच होतें. एका शेतकऱ्याच्या कुरणांत मांडलेली, दोघांनीं उचलून नेतां येईल अशी, लाकूड कापण्याची एक लहानशी गिरणी आम्हीं पाहिली. आणि त्या गिरणीच्या निमित्तानें त्या मुलखांत, किंबहुना त्या एकाच घरांत, पडलेले दोन पक्ष ऐकले. त्याचीच हकीगत येथें द्यावयाची आहे.

प्रथम मुलखाची ओळख करून दिली पाहिजे. पूर्वेकडील क्राइस्टचर्च शहराहून पश्चिमेस निघालें म्हणजे आधीं सपाट, कोरडें मैदान लागतें. मग दक्षिणी आल्प्सची रांग आडवी येते, आणि ९२० मीटर उंचीची आर्थर्स पास नांवाची खिंड चढून उतरलें कीं सृष्टीचा रंगच पालटतो. खिंडीच्या अलीकडे पिंवळें गवत; पलीकडे गर्द, ओलें, शेवाळानें मढलेलें अरण्य. सह्याद्रीच्या माथ्यावर उभें राहून ज्यानें एकदां देशाकडे व एकदां कोंकणाकडे पाहिलें आहे त्यास याचें कारण समजावून सांगावयास नको. समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे डोंगरास अडतात आणि आपला बहुतेक पाऊस त्या चिंचोळ्या किनारपट्टींत रिता करतात. होकिटिका येथें वर्षाकाठीं सुमारें २९०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरीचा पाऊस याहून कांहींसा जास्तच भरेल. पण तो चार महिन्यांत आटोपतो, आणि तेथील पाऊस मात्र घरच्या माणसासारखा बारा महिने येत-जात असतो.

अशा पावसावर पोसलेलीं झाडेंहि तशींच भव्य. त्यांत मुख्य रिमू. त्याच्या कोवळ्या डाहाळ्या ओल्या केसांच्या बटांप्रमाणें खालीं लोंबत असतात. त्याची वाढ अतिशय सावकाश होते, आणि पांचसहाशें वर्षांचे वृक्ष त्या रानांत दुर्मिळ नाहींत. लाकूड तांबूस-तपकिरी व गुळगुळीत. त्या देशांतील कित्येक जुन्या घरांच्या जमिनी, दारें व कपाटें रिमूचींच आहेत. दुसरें झाड काहिकाटिया. हें दलदलींत वाढतें, आणि उंचीनें तेथील सर्व वृक्षांत श्रेष्ठ आहे. त्याच्या लाकडास मुळींच वास नसतो. म्हणून विलायतेस जाणारें लोणी त्याच्या खोक्यांत भरून पाठवीत असत. केवळ निर्गंध असण्याच्या गुणापायीं एका वृक्षाचीं रानेंच्या रानें नाहींशीं व्हावीं, हा त्याच्या नशिबाचा खेळ म्हणावयाचा. तिसरा टोटारा, माओरी लोक त्याच्या खोडांतून आपल्या लांबलचक होड्या कोरीत.

१८६४-६५ च्या सुमारास या किनाऱ्यावर सोनें सांपडलें आणि माणसांचे लोंढे आले. सोन्याचा बहर ओसरल्यावर लोकांनीं लाकडाकडे मोर्चा वळविला. त्या काळची गिरणी म्हणजे मोठें प्रकरण होतें. वाफेचें यंत्र, मोठमोठ्या गोल करवती, कामकऱ्यांचीं घरें, आणि रानांत खोलवर टाकलेले रूळ. ओंडके त्या रुळांवरून गिरणीपर्यंत ओढून आणीत. आसपासचें रान संपलें कीं सारें बिऱ्हाड मोडून पुढें नेत, आणि मागें नुसते बुंधे राहत. ग्रेमाउथजवळ शँटीटाउन नांवाचें त्या काळच्या नमुन्याचें एक गांव उभारलें आहे. तेथें वाफेच्या आगगाडींत बसून त्या दिवसांची थोडीबहुत कल्पना येते.

पुढें लोकमत पालटलें. जें झाड वाढावयास पांचशें वर्षें लागतात तें तोडणें म्हणजे मुदलांतून खाणें होय, असें शहरांतील लोक म्हणूं लागले. अखेर २००० सालीं कायदा होऊन या किनाऱ्यावरील सरकारी रानांतली देशी झाडांची तोड थांबविण्याचें ठरलें, आणि २००२ सालीं ती बंद पडली. किनाऱ्यावरच्या लोकांस भरपाई म्हणून सरकारनें १२ कोटी डॉलरांची रक्कम दिली. परंतु ज्यांच्या तीन-तीन पिढ्या करवतीवर पोसल्या त्यांस रकमेनें समाधान झालें नाहीं. आपला धंदा दूरच्या शहरांतील मतांनीं बुडविला, ही सल तेथें अजून बोलण्यांत उमटते.

होकिटिकाच्या दक्षिणेस, हारीहारीच्या वाटेवर, आम्ही ज्या घरीं उतरलों होतों त्या घरचे यजमान अशाच कुळांतले. त्यांच्या आजोबांनीं वाफेच्या गिरणींत काम केलें होतें. यजमान गाई पाळतात, आणि सवडीच्या दिवसांत ही फिरती गिरणी चालवितात. आम्ही गेलों त्या दिवशीं त्यांनीं मॅक्रोकार्पाचें एक झाड कापावयास घेतलें होतें. हें झाड मूळचें कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचें. न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांनीं वारा अडविण्यासाठीं शेताच्या कडेनें त्याच्या रांगा लावल्या. अशा रांगेंतलें एक जुनें झाड वाऱ्यानें उन्मळून कुंपणावर पडलें होतें. बुंधा दोघांच्या कवेंत न मावणारा.

असें एकटें झाड पडलें म्हणजे पूर्वीं त्याचें काय होई, हें यजमानांनीं सांगितलें. एका ओंडक्यासाठीं मोठी मालमोटार व उचलण्याचें यंत्र मागवावें, आणि तो दूरच्या गिरणीवर न्यावा, तर लाकडाच्या किमतीपेक्षां वाहतुकीचाच खर्च अधिक. म्हणून तें झाड शेकोटीसाठीं फोडीत, नाहीं तर जागच्या जागीं जाळून टाकीत. फिरत्या गिरणीनें हा हिशेब उलटा केला. झाड गिरणीकडे जात नाहीं. गिरणी झाडाच्या दारीं येते.

तिची मांडणी आमच्या समोर अर्ध्या तासांत झाली. ओंडका पडला होता तेथेंच राहिला. फक्त तो लोळूं नये म्हणून खालीं पाचरी मारल्या. त्याच्या दोन्ही अंगांस दोन लांब रूळ, टोंकांस चौकटी. पाणसळ लावून रूळ सारखे केले. रुळांवर एक गाडा, गाड्यावर पंचवीस-तीस अश्वशक्तीचें पेट्रोलचें इंजिन, आणि त्यास जोडलेली गोल करवत. या करवतीस दात पांच-सहाच असतात, परंतु प्रत्येकाच्या टोंकास अतिकठीण धातूचा तुकडा डकविलेला असतो. पात्यावर पाण्याची बारीक धार सोडून तें थंड ठेवतात. यंत्राची खरी करामत अशी कीं, करवत पाव वर्तुळांत फिरते. जातांना ती उभी चालवून लाकडांत एक चीर पाडतात. परत येतांना आडवी करून दुसरी चीर पाडतात. दोन चिरा काटकोनांत मिळाल्या कीं तयार फळी सुटून हातीं येते. ओंडका एकदांहि हलवावा लागत नाहीं.

आपल्याकडे जुन्या काळीं करवत ओढणारी जोडी घरीं येऊन काम करीत असे, त्याची येथें आठवण होते. ओंडका घोडीवर चढवावयाचा, सूत मारून रेघा पाडावयाच्या, आणि एकानें वर उभें राहून व दुसऱ्यानें खालून करवत ओढावयाची. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. त्या जोडीस एक ओंडका उलगडावयास जितके दिवस लागत तितके तासहि या यंत्रास लागत नाहींत. परंतु तत्त्व एकच : लाकूड जेथें आहे तेथें करवतीनें जावयाचें. मधल्या शंभर-दीडशें वर्षांत मोठ्या गिरण्यांनीं हें तत्त्व मोडलें होतें. लहान इंजिनानें तें पुन्हा जोडून दिलें.

काम वरून सोपें दिसतें, पण डोळा लागतो. गाभ्याशीं लाकूड तडकतें, म्हणून तो भाग फळींत येऊं द्यावयाचा नाहीं. कोणत्या अंगानें कापलें असतां वलयें कशीं येतील, कोणती फळी पुढें पिळवटेल, कोठून तुळई काढावी व कोठून रीप, हें पहिली चीर पाडण्याआधीं ठरवावें लागतें. यजमानीणबाईंच्या हातीं एक कागद होता. त्यावर गोठ्याच्या नव्या छपरास लागणाऱ्या नगांची यादी होती. ओंडका पाहून त्या म्हणाल्या, “ह्यांतून सहा वासे आणि बाकीच्या फळ्या.” यजमानांनीं मान हलविली आणि इंजिन सुरू केलें. हवेंत लिंबासारखा उग्र-गोड वास पसरला, आणि तासाभरांत कुरणावर केशरी-पिवळ्या फळ्यांची रास दिसूं लागली.

भुसा किती गेला, असें आम्हीं विचारलें. करवतीची चीर सुमारें ५ मिलिमीटर रुंद पडते. म्हणजे इंचभर जाडीच्या फळ्यांसाठीं पांच चिरा पाडल्या कीं एक फळी भुशांत गेली असें समजावें. पट्ट्याच्या करवतीची फिरती गिरणी निराळी असते. तींत दोन चाकांवरून पातळ पोलादी पट्टा फिरतो, चीर २-३ मिलिमीटरांचीच पडते, आणि भुसा निम्मा होतो. पण तेथें बहुधा ओंडका उचलून गिरणीच्या पाटावर ठेवावा लागतो. एकींत लाकूड वांचतें, दुसरींत कंबर वांचते, असें यजमान हसून म्हणाले. कापून झालें म्हणजे काम संपत नाहीं. फळ्या जमिनीपासून उंच, एकीवर एक रचून, मध्यें पातळ पट्ट्या घालून वारा खेळता ठेवावयाचा, वर छप्पर व वजन द्यावयाचें, आणि इंचभर जाडीस एक वर्ष या मानानें लाकूड मुरूं द्यावयाचें. यंत्रानें घाई केली तरी लाकूड आपली चाल सोडीत नाहीं.

येथपर्यंत सर्व गोड. वादाची गोष्ट रात्रीं जेवणाच्या टेबलावर निघाली. १७ एप्रिल २०१४ रोजीं इटा नांवाच्या वादळाचा अवशेष या किनाऱ्यावर आदळला. सुमारें २०,००० हेक्टर रानाची फार मोठी हानि झाली. शेंकडों वर्षांचे रिमू एका रात्रींत आडवे झाले. हीं झाडें कोणी तोडलीं नव्हतीं, वाऱ्यानें पाडलीं होतीं. तर मग तीं उचलावीं कीं नाहीं? सरकारनें दोनच महिन्यांत, जून २०१४ मध्यें, खास कायदा केला, आणि संरक्षित सरकारी रानांतून वादळानें पडलेलें लाकूड परवान्यानें व मोबदला भरून काढण्यास ठराविक मुदतीपुरती मोकळीक दिली. राष्ट्रीय उद्यानें व जागतिक वारसा म्हणून नोंदलेला प्रदेश त्यांतून वगळला होता. कायद्यावर देशांत रण माजलें. विरोधी मजूर पक्षाच्या दोन सभासदांनीं स्वपक्षास सोडून कायद्याच्या बाजूनें मत दिलें. त्यांतील एक या किनाऱ्याचेच प्रतिनिधि होते. कायद्याची मुदत २०१९ सालीं संपली. पडलेल्या लाकडाच्या मानानें निघालेलें लाकूड थोडेंच. दुर्गम दऱ्यांतून एकेक ओंडका हेलिकॉप्टरनें उचलून आणणें परवडण्यासारखें नव्हतें.

यजमानांनीं त्या वर्षांत परवाना मिळालेल्या मंडळींसाठीं रिमूचे ओंडके कापले होते. ज्या टेबलावर आम्ही जेवत होतों तें त्याच लाकडाचें. त्यांची धाकटी कन्या त्याच टेबलावर बसून त्या कायद्याविरुद्ध बोलत होती, हें आम्हास मोठें नवल वाटलें. ती रानांत पक्ष्यांचीं अंडीं खाणाऱ्या स्टोट नांवाच्या जनावरांस सापळे लावण्याचें काम करते. तिचें म्हणणें असें : “पडलेलें झाड मेलें असें तुम्ही म्हणतां; रान तसें म्हणत नाहीं. त्याच्या कुजत्या अंगावर शेवाळ येतें, शेवाळांत रिमूचेंच बीं रुजतें, त्यांतल्या अळ्यांवर काका पक्षी पोसतो. जें आपण वाया गेलें म्हणतों, तें रानाच्या पोटांत जात असतें.” यजमानांनीं शांतपणें उत्तर दिलें : “आपण आपलें पडलेलें झाड कुजूं देतों, आणि घरापुढील ओटा करण्यासाठीं क्विला लाकूड उष्ण देशांतून आणतों. तें झाड तेथें उभें होतें. त्याच्या अळ्या कोणी मोजल्या ?” क्विलाचें लाकूड त्या देशांत इंडोनेशियाकडून पुष्कळ येत असे, ही गोष्ट खरी आहे. कन्या क्षणभर थांबली व म्हणाली, “मग ओटा लहान करावा.” यावर यजमानीणबाई हसल्या आणि त्यांनीं सर्वांस पुन्हा चहा दिला.

दोघांपैकीं कोणाचें खरें, हें ठरविणें आमच्या अधिकाराबाहेरचें. परंतु एका गोष्टीवर दोघांचें एकमत होतें, आणि तीच आम्हास सर्वांत महत्त्वाची वाटली. जी गिरणी पडलेल्या झाडाच्या दारीं जाऊं शकते ती उभ्या झाडाच्याहि दारीं जाऊं शकते. मोठ्या गिरणीचा धूर दुरून दिसे, तिचे रूळ मोजतां येत, तिच्या दाराशीं पहारा बसवितां येई. लहान गिरणी गाडीमागें बांधून रात्रींतून कोठेंहि नेतां येते. म्हणून त्या देशांत देशी झाडांचें लाकूड कापणाऱ्या गिरणीस, ती केवढीहि लहान असो, सरकारांत नोंद करावी लागते. खासगी रानांतूनहि असें लाकूड विक्रीसाठीं काढावयाचें तर १९९३ सालच्या कायद्याप्रमाणें योजना किंवा परवाना लागतो. मॅक्रोकार्पासारख्या परदेशी झाडास हें बंधन नाहीं. यजमानांनीं आपल्या नोंदणीचा कागद काढून दाखविला, तोहि जरा अभिमानानें. “हा कागद नसता तर माझी मुलगी मला घरांत घेती ना,” असें ते म्हणाले.

हें ऐकतांना आमच्या डोळ्यांपुढें आपलें कोंकण उभें राहिलें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां श्रीवर्धन-दिवेआगरकडील नारळी-पोफळींच्या वाड्या भुईसपाट झाल्या, आणि त्यांबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे आंबे-फणसहि उन्मळून पडले. नारळी-पोफळींचें दुःख निराळें. तें उत्पन्नाचें दुःख. पण अंगणांतला फणस पडला म्हणजे घरचें वडील माणूस गेल्यासारखें होतें. त्यांपैकीं पुष्कळ लाकूड सरपणाच्या मोलानें गेलें. ज्या फणसाचे खांब, दारें व पाट करीत असत तो चुलींत गेला, कारण वाटेवरून पडलेला ओंडका लौकर हालवावयाचा होता आणि तो गिरणीपर्यंत नेणें सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत नव्हतें. अशा वेळीं गांवोगांव जाणारी एखादी लहान गिरणी असती तर पडझड झालेल्या घरांस लागणारे वासे व फळ्या त्या घरांच्याच झाडांतून निघाल्या असत्या, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

परंतु आपल्याकडे परवान्यावांचून लाकडाची गिरणी चालवितां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १२ डिसेंबर १९९६ रोजीं व त्यानंतर दिलेल्या आदेशांनीं यावर कडक नियंत्रण आलें, आणि तें अनाठायीं नाहीं. चोरट्या तोडीनें आपलीं रानें किती उजाड झालीं हें कोणास सांगावयास पाहिजे असें नाहीं. फिरत्या गिरणीस मोकळें रान दिलें तर ती फणसाच्या दारापाशीं थांबेल, सागाच्या रानांत शिरणार नाहीं, अशी हमी कोण देणार ? म्हणून आमची सूचना इतकीच कीं, वादळासारख्या संकटानंतर, ठराविक मुदतीपुरती, सरकारी देखरेखीखालीं व प्रत्येक ओंडक्याची नोंद ठेवून अशी गिरणी गांवांत आणतां येईल काय, याचा विचार जाणत्यांनीं करावा. न्यूझीलंडनें ठराविक मुदतीचा कायदा करून पाहिला. त्यांतले गुण व दोष दोन्ही आपल्यापुढें आहेत.

आणि रानांतलें झाड व अंगणांतलें झाड यांतील भेद मात्र विसरूं नये. रानांत पडलेलें झाड रानाचें देणें आहे. त्यावर त्या कन्येचा पक्ष आम्हास अधिक पटतो. अंगणांतलें झाड आपल्या हातानें लावलेलें, आपल्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेलें. त्याचें लाकूड घरांतच राहावें, आजोबांनीं लावलेल्या फणसाच्या पाटावर नातवंडांनीं जेवावयास बसावें, यांत कोणाचें कांहीं हिरावून घेतलें असें होत नाहीं. फक्त झाड वाऱ्यानें पडलें कीं आपल्या गरजेनें, एवढें ज्याचें त्यानें स्वतःस खरेपणानें विचारावें. गिरणी लहान झाली आणि दारापर्यंत आली, म्हणजे हा प्रश्नहि दारापर्यंत येतो. तो दुसऱ्या कोणावर सोंपवितां येत नाहीं.